विचारलं तर ‘नाही’च

सुमारे 1930 ची गोष्ट. रिचर्ड लापिएर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी विद्यार्थ्याला आणि त्याच्या बायकोला बरोबर घेऊन मोटारीने हिंडत होता. चिनी मजुरांना देशाबाहेर ठेवणारा 1882 चा कायदा तेव्हा लागू होता आणि आशियाई चेहरा दिसला की नाक मुरडणं हा पॅसिफिक किनाऱ्यावरचा शिष्टाचारच होता. याबाबतीत खास कर्मठ समजल्या जाणाऱ्या एका लहान गावातल्या बड्या हॉटेलात लापिएर धास्तावतच शिरला. काउंटरवरच्या कारकुनाने कुरकुर न करता खोल्या दिल्या. दोन महिन्यांनी लापिएरने त्याच हॉटेलला फोन लावला: एक प्रतिष्ठित चिनी गृहस्थ येणार आहेत, खोली मिळेल का? उत्तर आलं, नाही.

तिथून त्याला चाळा लागला. तिघांनी मिळून 251 हॉटेलं, खाणावळी आणि मोटारतळ पालथे घातले. नकार मिळाला तो एकदाच, एका गचाळ मोटारतळावर. आणि तोही, आपण जपान्यांना घेत नाही असं मालकाने सांगितलं म्हणून! मग सहा महिने जाऊ देऊन लापिएरने या सगळ्या ठिकाणी पत्रं धाडली: तुम्ही चिनी गिऱ्हाइकांना प्रवेश द्याल का? 128 जणांनी उत्तरं पाठवली. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ असं कळवलं. ज्यांनी जेवू घातलं होतं, गाद्या घालून दिल्या होत्या, त्यांनीच.

1934 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर आक्षेप कमी घेतले गेले नाहीत. पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवरचा कारकून एकच कशावरून? शिवाय त्या जोडप्याचे कपडे नीटनेटके, इंग्रजी सफाईदार, सोबतीला गोरा प्राध्यापक. हे सगळं मान्य. तरी एक गोष्ट उरते. पत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस नव्हता, जमात होती. आणि जमातीबद्दल मत विचारलं की माणूस आपलं मत देत नाही, गावाचं देतो.

मुंबई-पुण्यात घर भाड्याने शोधणाऱ्याला हे पत्र रोज येतं. ब्रोकरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टू बीएचके, सेमी-फर्निश्ड, दोन महिन्यांचं डिपॉझिट, आणि शेवटच्या ओळीत ‘फॅमिली ओन्ली, प्युअर व्हेज’. त्यातूनही कोणी पुढे सरकला तर फोनवर आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव. एवढ्या चाळण्या पार करून माणूस आलाच, तर तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार त्याची ‘मुलाखत’ घेतात. मासळी रोज असते का हो तुमच्याकडे? हसत हसतच विचारतात, चहाही पाजतात. दोन दिवसांनी ब्रोकर सांगतो, मालकांच्या भाच्याला अचानक जागा लागली.

मुलुंडमध्ये 2023 साली एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, तिचा व्हिडिओ पसरला आणि महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. पण मराठी मालक नि मराठी सोसायट्या मुसलमान, दलित, ईशान्येकडचे विद्यार्थी, एकट्या राहणाऱ्या मुली यांना कोणते प्रश्न विचारतात, यावर तसा व्हिडिओ अजून व्हायचा आहे.

दोन समाजांतली अढी कशी सुटते याचा विचार करणारे बहुतेक जण मनं वळवण्याच्या मागे असतात. सलोखा मेळावे, खाद्यमहोत्सव, एकमेकांच्या सणांचे स्टेटस. मॉर्टन डॉइच आणि मेरी इव्हान्स कॉलिन्स यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या उत्साहावर चांगला उतारा आहे. त्यांनी सरकारी वसाहती घेतल्या. न्यूयॉर्कच्या वसाहतींत वर्ण न पाहता घरं वाटली होती, तर शेजारच्या नेवार्कमध्ये काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांच्या इमारती वेगळ्या होत्या. न्यूयॉर्कच्या गोऱ्या गृहिणींना काळ्या शेजारणी मैत्रिणी म्हणून कितीतरी जास्त होत्या आणि त्यांची मतंही निवळलेली होती. हे काही न्यूयॉर्ककरांच्या उदारपणाचं फळ नव्हतं. ‘तुम्हाला काळा शेजार चालेल का?’ हे तिथे कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. घरं सरकारी ऑफिसने दिली. मग कपडे धुण्याच्या जागी, लिफ्टपाशी, मुलांच्या भांडणांत त्या बायका एकमेकींना भेटत राहिल्या.

सिंगापूरने 1989 पासून हेच सक्तीने केलं. सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांच्या प्रमाणाला वरची मर्यादा आहे. तिचे चटकेही बसतात. कोटा भरला की अल्पसंख्य मालकाला आपलं घर हव्या त्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही, भाव पडतो. पण त्याच सिंगापुरात खासगी भाड्याच्या जाहिरातींत ‘भारतीय नकोत’ असं लिहिलेलं वर्षानुवर्षं सापडत आलं आहे. शहर तेच, माणसं तीच. एकीकडे मालकाला निवड नाही, दुसरीकडे आहे.

यावर कोणी म्हणेल, मग समोरासमोर भेटवा की मालक-भाडेकरूंना, लापिएरच्या हॉटेलासारखं होईल. होणार नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम घरशोध्यांना फोनवर जसे नकार मिळाले तसे प्रत्यक्ष दारात जाऊनही मिळाले. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक एका रात्रीपुरतं सोसायचं असतं, आणि आपल्याकडे तर संविधानाच्या 15 व्या कलमाने हॉटेलवाल्याला धर्म, वंश, जात पाहून नाकारायची मुभाच ठेवलेली नाही. घरमालकाला ती पूर्ण आहे. पाच मिनिटांच्या भेटीत, तेही एकाने मागायचं आणि दुसऱ्याने द्यायचं अशा भेटीत, ओळख होत नसते. तिथे फक्त तपासणी होते. गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्येच बजावलं होतं की संपर्काने पूर्वग्रह वितळायचे तर दोघं बरोबरीच्या नात्याने भेटले पाहिजेत आणि मागे नियमाचं पाठबळ हवं. सोसायटीच्या मुलाखतीत यातलं काय आहे?

गंमत अशी, की निदान या मुलाखतीपुरता नियम हजर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदाने कळवलं की झालं. तरीही एनओसीचा फॉर्म, समितीपुढची हजेरी, ‘आमच्या बिल्डिंगचं वातावरण’ हे सगळं बिनबोभाट चालू आहे. उपनिबंधकांनी ही हजेरी बेकायदा आहे एवढं प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला लावलं, तरी पुष्कळ होईल. खासगी मालकाचा हट्ट त्याने मोडणार नाही. पण ‘मला चालतं हो, सोसायटी ऐकत नाही’ हे त्याचं ठेवणीतलं वाक्य तरी जाईल.

भाडेकरू कोण आहे हे सोसायटीला कळायला नको का? कळावं की. त्यासाठी पोलिसांकडे द्यायचा भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म आहे. त्यात नाव आहे, पत्ता आहे, फोटो आहे. मासळीचा रकाना नाही.