खरपूस म्हणजे काय?



आमच्या घरी कॉफीच्या हिरव्या बिया भाजायचे एक छोटे यंत्र आहे. खालून गरम हवा येते आणि बिया नाचू लागतात. आधी पिवळ्या, मग तांबूस होतात. साधारण २०० अंशांना तडतड सुरू होते. पुढे दुर्लक्ष झाले, की करपल्याच!

मी इंजिनिअर, त्यामुळे सगळे घड्याळ लावून करीत असे. एकदा लेकीला विचारले, "झाल्या का गं?" ती म्हणाली, "फेर्टिग!" कच्च्या, खरपूस, करपलेल्या, यांतला एकही शब्द तिला सुचेना. दोष तिचा नाही. आजी दाणे भाजायची, तेव्हा हे शब्द आम्हाला वासाबरोबर मिळाले. इथे आपण सगळे भाजलेलेच विकत आणतो.

१७८१ साली प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने सामान्य लोकांना घरी कॉफी भाजायला बंदी केली. पण वास लपतो थोडाच? तो शोधत फिरायला त्याने जुने सैनिक नेमले. लोक त्यांना 'काफेरीशर', म्हणजे कॉफी हुंगणारे, म्हणत.

आमच्या घरची काफेरीशर आता लेक आहे. घड्याळ बंद केले. परवा तीच ओरडली, "बाबा, खरपूस झाल्या!"

पालकहो, आठवड्याचा एक वर्ग पुरेसा नाही. कॉफी नको तर दाणे भाजा, रवा भाजा, पण मुलांना शेजारी उभे करा आणि मराठीत विचारा, "कसा वास येतोय?"

– एक पालक