सुकवणीचे दिवस

दिवाळी जवळ आली की संपादकांच्या टेबलावर एकाच तक्रारीची पत्रे येऊ लागतात : तीन फुटी रांजण भट्टीत फुटला. कुणी मातीला बोल लावतो, कुणी बर्नरला, कुणी ओल्या लाकडाला. आमच्या मते यातले बहुतेक रांजण भट्टीत जाण्याआधीच हातचे गेलेले असतात. आगीने ते फक्त दाखवून दिले.

घडते ते असे. सजावटकाराला दिवाळीपूर्वी बंगल्याच्या दाराशी दोन रांजण उभे करायचे असतात. तो तीन आठवड्यांची मुदत देतो आणि आपण ती मान्य करतो. पाऊस सरता सरता हवेत ओल असते, भांडे सुकता सुकत नाही. मग ऑक्टोबरचे ऊन तापते आणि आपण ते उचलून अंगणात नेतो. काठ दोन दिवसांत पांढरा पडतो, बूड ओलेच राहते. माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आटते. त्यातले निम्मे तरी सुकतानाच. म्हणजे 40 सेंटिमीटरचे बूड फळीवर असतानाच दोन सेंटिमीटर आकसायला हवे, तेही सगळ्या भांड्याचे वजन अंगावर घेऊन. फळीला चिकटलेले बूड आकसू शकत नाही, तडकते. खाली वाळू पसरावी, काठ प्लास्टिकने झाकावा, भांडे पट्ट्यांवर ठेवून बुडाला वारा द्यावा, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक नाही? घाईत नेमके तेच राहून जाते.

पुढे भट्टी. जाड भिंतीत उरलेल्या पाण्याची 100 अंशांना वाफ होते आणि तिला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. 573 अंशांना मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, उतरताना त्याच अंशाला आकसतो. लहान कुंडी हे सहन करते. रांजणाचा काठ आणि बूड मात्र एकाच वेळी तेवढे तापलेले नसतात.

क्रीट बेटावरच्या थ्राप्सानो गावचे कुंभार मे ते सप्टेंबर टोळ्यांनी गावोगाव फिरत आणि तेलाचे प्रचंड रांजण घडवीत. दहाएक चाके एका ओळीत मांडलेली असत. पहिल्या चाकावर एक थर चढवायचा, दुसऱ्याकडे जायचे, मग तिसऱ्याकडे. ओळ संपवून परत येईपर्यंत पहिला थर पुढचा भार पेलण्याइतका घट्ट झालेला असे. कोरडा ऋतू त्यांनी निवडून घेतला होता आणि थांबण्याचा वेळ कामातच बसवला होता.

आपला कोरडा ऋतू फेब्रुवारी ते मे. मोठी भांडी तेव्हाच घडवावीत, पावसाआधी भाजून ठेवावीत आणि दिवाळीला विकावीत. ऊन झाकून आवरता येते, ओल आवरता येत नाही. यात पैसा आणि जागा सहा महिने अडकते, लहान कारखान्याला ते जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच दरपत्रकात सुकवणीचे दिवस स्वतंत्र ओळीत लिहावेत आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही : बारीक तडा भरून, वरून रंग देऊन माल विकणे. घरातला जुना रांजण अर्धा जमिनीत पुरलेला असे, भोवतालची माती त्याला धरून ठेवी. आजचा रांजण गच्चीच्या फरशीवर एकटा उभा असतो. 60 सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच उंच भांड्यात सुमारे 170 लिटर माती मावते. भिजल्यावर तिचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. भरलेला तडा तिथे उघडतो, आणि त्या घरात लहान मुले असतात.

या दिवाळीसाठी आता मोठ्या भांड्याची नवी मागणी आली, तर कृपया नाही म्हणा. त्याच ग्राहकाकडून पुढच्या दिवाळीची आगाऊ रक्कम घ्या आणि फेब्रुवारीत माती भिजत घाला.