फटफटीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते बिऱ्हाड घेऊन विंचू काही लडाखला जात नाही. जातो तो आमच्या छत्रपती संभाजीनगरचा तरुण. जून लागला की पहाटेच्या प्रहरी क्रांती चौकात मोटारसायकलींचा ताफा उभा राहतो. नारळ फुटतात, आया औक्षण करतात, कोणी पुढारी झेंडा हलवतो. प्रत्येक गाडीच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मागे तिसरी पेटी, तिच्यावर रबरी दोऱ्यांनी आवळलेला तंबू, टाकीवर पिशवी, इंजिनाच्या दोहों बाजूंना आणखी पिशव्या, पेट्रोलचे डबे, आणि या पसाऱ्यात सापट शोधून बसलेला स्वार. चौकातल्या उंच चौथऱ्यावर शिवछत्रपती घोड्यावर आरूढ आहेत. त्या घोड्यावर साधी वळकटीसुद्धा नाही. तिकडे मान वर करून पाहायला मात्र कोणाला सवड नसते.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. माझे भांडण प्रवासाशी नाही. तरण्या पोराने हिमालय पाहावा, नाल्यात भिजावे, थंडीत कुडकुडावे, याच्याइतके चांगले शिक्षण मला माझ्या वर्गात देता येत नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले; त्यांतल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी ती १९२८ साली पुरी केली. सायकलवर माणूस सामान नेऊन नेऊन किती नेणार? माझे भांडण आहे ते सामानाशी. दगडधोंड्यांच्या, वाळूच्या, नाल्यांच्या वाटेवर गाडीला पेलवत नाही इतके ओझे लादून जाणे हा धडधडीत आत्मघात आहे, आणि त्याला साहस म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना आहे.

ज्या गावाच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनत आहेत, ज्या गावातले हजारो हात दिवसपाळी-रातपाळीला शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक घडवतात, त्या गावाला वजनाचा हिशेब शाळामास्तराने सांगावा ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. तरी सांगतो. २०२३ साली आलेली नवी हिमालयन घ्या. पेट्रोल-तेलासह तिचे स्वतःचे वजन १९६ किलो. तिने वर पेलायचे ते सुमारे २०० किलो, आणि त्यात माणसे आली! स्वार ७५ किलोचा, त्याचे जाकीट, बूट, शिरस्त्राण मिळून १०. मागे बसणारी ६०, तिचा जामानिमा ८. झाले १५३. उरले पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलो. त्यांतले वीस-एक किलो तीन रिकाम्या पेट्या आणि त्या अडकवायची लोखंडी चौकट यांनीच खाल्ले. म्हणजे पेटीत रुमाल टाकण्यापूर्वीच निम्मी शिल्लक संपली. आणि हा हिशेब डांबरी रस्त्याचा. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा तेच वजन कैक पटींनी गाडीच्या हाडांवर येते.

माझा एक माजी विद्यार्थी नव्या नवरीला मागे घेऊन स्पितीला निघाला होता. त्याच्या पेट्या मी मोंढ्यातल्या एका दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर चढवायला लावल्या. ७१ किलो भरले, तेही पेट्रोलचे डबे रिकामे असताना. आत काय होते? दोन माणसांचे बारा दिवसांचे बारा जोड कपडे, घडीच्या दोन खुर्च्या, स्टोव्ह, उडता कॅमेरा, फराळाचा पाच किलोंचा डबा आणि तीन लिटरचा कुकर. “अरे, कुकर कशाला?” मी विचारले. “सर, असू द्या. लागलं तर!”

लागलं तर! या दोन शब्दांवर मला एक कादंबरी लिहिता येईल. ‘लागलं तर’ म्हणून तंबू. वस्तुतः मोसमात सरचूला आणि पांगला तयार तंबूत अंथरूण-पांघरूण मिळते, आणि स्पितीच्या गावोगावी लोक घरात झोपायला जागा देतात, वर गरम थुक्पा वाढतात. ‘लागलं तर’ म्हणून पेट्रोलचे डबे. का, तर मनाली-लेह रस्त्यावर तांदीला ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी एक पाटी गाजली आणि तिचा धसका साऱ्या महाराष्ट्राने घेतला. अहो, सतरा लिटरची टाकी आहे. लिटरला पंचवीस किलोमीटर धरले तरी सव्वाचारशे होतात! शाळेत हे गणित आम्ही चौथीला शिकवतो.

आता हे ओझे करते काय, ते पाहा. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांची फरफट होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळते. मोटारसायकलचेही तसेच. पेट्या मागच्या चाकाच्या आसापलीकडे लोंबल्या की पुढचे चाक हलके पडते. हँडल वळवले तरी गाडी आपल्याच मनाने जाते. वाळूत पुढचे चाक भरकटते. उतारावर ब्रेक दाबून दाबून तापतात आणि ऐन वेळी पकडत नाहीत. मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधीच तळाला टेकलेला, त्यामुळे प्रत्येक दणका सरळ चौकटीला. मग पेट्यांचा आधार जोडावर तडकतो, आरे तुटतात. टायरच्या अंगावर एक आकडा छापलेला असतो. ६४ असेल तर त्या टायरने २८० किलो पेलायचे, त्याउपर नाही. ज्यांना इंजिनाच्या ताकदीची घोडी तोंडपाठ असतात, त्यांतल्या किती जणांनी हा आकडा वाकून वाचला आहे? आणि ती घोडी तरी तिथे कुठे असतात? खारदुंग खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. इंजिनाला धाप लागते आणि स्वारालाही. अशा ठिकाणी आडवी झालेली तीनशे किलोंची गाडी उचलायला शेवटी सैन्याचे जवान धावतात. ते तिथे काही आपले हमाल म्हणून नेमलेले नाहीत.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा तिकडे पडला, तो चालण्याच्या वेगाने. खडीत गाडी कलली, त्याने सवयीने पाय टेकला, आणि बाजूची पेटी नडगीवर आली. दोन्ही हाडे मोडली. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, “रस्ताच वाईट होता.” पेटीचे नाव कोणी काढत नाही. ती दुरुस्त होऊन पुन्हा गाडीला लागली आहे.

कोणी म्हणेल, आमचा दूधवाला चाळीस-चाळीस लिटरचे चार कॅन लावून रोज पहाटे येतोच ना? येतो. पण तो पोटासाठी येतो. त्याचे ओझे दोन्ही अंगांना सारखे आणि खाली लोंबते. रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्याच्या ओळखीचा. तो तिशीच्या वेगापुढे जात नाही, आणि परतताना त्याचे कॅन रिकामे असतात. इतके करूनही त्याच्या गाडीचे हाल कोणत्याही मिस्त्रीला विचारा. शिवाय त्याने कधी स्वतःला साहसी म्हणवून घेतलेले नाही.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. २००४ साली इवान मॅकग्रेगर हा नट आणि त्याचे साथीदार लंडनहून पूर्वेकडे न्यूयॉर्कला निघाले ते भल्याथोरल्या, सामानाने लादलेल्या बीएमडब्ल्यूंवर. मंगोलियाच्या चिखलात गाड्यांनी आणि माणसांनीही हाय खाल्ली. त्यांच्या छायाचित्रकाराची गाडी निकामी झाली, तेव्हा त्याला ईझ नावाची एक साधी रशियन फटफटी घेऊन दिली, आणि तिने तो चिखल तुडवला. त्या चित्रमालिकेने घरोघरच्या पोरांना वेड लावले. दुकानदारांनी त्यातून पेट्या तेवढ्या उचलल्या. ईझ कोणाच्या लक्षात राहिली नाही.

आणि आपल्याला मंगोलियापर्यंत जायचे कारणच काय? हे शहर १६१० साली खडकी म्हणून वसवले ते मलिक अंबरने, आणि त्याने मोगलांच्या जडशीळ फौजांना जेरीस आणले ते सडे घोडेस्वार घेऊन. इथून फार दूर नसलेल्या परतूरहून १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले. सुरजमल जाटाने सांगून पाहिले की बायकामुले, जड सामान मागे ठेवा आणि सडे होऊन लढा. ते झाले नाही. पुढे पानिपतावर लढणाऱ्यांच्या पायात बुणग्यांची बेडी कशी पडली, ते मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मुले उत्तर चोख लिहितात. तीच मुले मोठी होऊन फटफटीवर बुणगे लादतात!

दोष एकट्या पोरांचा नाही. दुकानदाराला पेटी विकायची आहे, तो कशाला नको म्हणेल? पण ‘एवढा चिवडा तरी ने रे’ म्हणून शेवटचा डबा कोंबणारी आई, आणि ‘असू दे, आपण कमी नाही’ म्हणत तिसऱ्या पेटीचे पैसे मोजणारे वडील, हे तर हा अंक हातात घेऊन बसले आहेत. त्यांना माझे मागणे एवढेच की निघायच्या आधी पेट्या काट्यावर घाला. मग भरलेली गाडी आमखास मैदानाच्या गवतावर हलकेच आडवी करा आणि पोराला एकट्याने उभी करायला सांगा. नाही झाली तर जागच्या जागी पेटी उघडा.

त्या माझ्या विद्यार्थ्याकडून मी हेच करवून घेतले. तिसऱ्या प्रयत्नात कंबर धरून तो खाली बसला, आणि त्याच्या बायकोनेच पहिल्यांदा कुकर बाहेर काढला. लोखंडी चौकट गेली, पेट्यांच्या जागी दोन कॅनव्हासच्या पिशव्या आल्या, हत्यारे खाली आणि पुढे सरकली. काटा ३४ वर आला. परतल्यावर मी विचारले, काय कमी पडले? तो बायकोकडे पाहू लागला. ती म्हणाली, “यांचा मोज्यांचा एक जोड, सर. काझाच्या बाजारात घेतला.”