लायोलचा चाकू : माशीआधी कमान पाहावी

१/ फ्रान्समधील लायोल गावाच्या घडीच्या चाकूवर पोलादाची इवलीशी मधमाशी असते. गावकऱ्यांच्या शौर्यावर प्रसन्न होऊन नेपोलियनने हे चिन्ह बहाल केले, अशी आख्यायिका आहे. पण नेपोलियन १८२१ साली वारला आणि या चाकूचा जन्म १८२९ सालचा मानला जातो.

२/ मग माशी आली कोठून? चाकूच्या पाठीवरून एक पोलादी कमान जाते. तिच्या पात्याकडील रुंद टोकाला फ्रेंच कारागीर ‘मूश’, म्हणजे माशी, म्हणतात. तेथे मधमाशी कोरण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. अलंकार यंत्ररचनेवर नंतर येऊन बसला. या चाकूचे मोलही त्याच क्रमाने जोखावे.

३/ लायोल हे ओब्राक पठारावरील पशुपालकांचे गाव. पहिल्या चाकूचे श्रेय पिएर-जाँ काल्मेल या कारागिराला दिले जाते. १८४०च्या सुमारास त्यात टोच्या आला, तो वायूने फुगलेले गुराचे पोट टोचून त्याचा जीव वाचवण्यासाठी. १८८०च्या सुमारास बूच काढण्याचे मळसूत्र आले, कारण पठारावरची माणसे पॅरिसला जाऊन कॅफे चालवू लागली होती. आज श्रीमंती थाटात विकल्या जाणाऱ्या या वस्तूचे अवयव असे गरजेतून घडले.

४/ खरी कसोटी सांध्याची. या चाकूला खटका नसतो. उघडे पाते केवळ कमानीच्या दाबाने जागेवर राहते. पात्याला कठीणपणा हवा, कमानीला लवचीकपणा. म्हणून दोहोंना पाणी देण्याची रीत वेगळी. सांध्याची खीळ हातोडीने ठोकून बसवतात. एक ठोका जास्त पडला तर पाते अडते, कमी पडला तर डुलते. मिटताना पाते दोन्ही पट्ट्यांच्या नेमके मधोमध यावे लागते.

५/ यंत्रे आज सुटे भाग हातापेक्षा अचूक कापतात, हा आक्षेप खरा आहे. पण मुठीचे शिंग, हाड वा लाकूड प्रत्येक वेळी निराळे असते. ते कानशीने घासत, पुन्हा पुन्हा जुळवून पाहत बसवावे लागते. उत्तम कार्यशाळांत एकच कारागीर अख्खा चाकू जोडतो. दोष राहिला तर ढकलायला दुसरे कोणी नसते. हातकामाची किंमत या जबाबदारीची असते.

६/ नुसत्या चिन्हावर विसंबण्याचा धोका गावाने स्वतः भोगला. स्थानिक उत्पादन जवळपास थांबले, तेव्हा तिएर शहरातील कारागिरांनी हा चाकू जिवंत ठेवला. १९८७ साली लायोलमध्ये पुन्हा मोठा कारखाना उभा राहिला. पण १९९३ साली एका बाहेरच्या व्यावसायिकाने ‘लायोल’ हे नाव अनेक वस्तूंसाठी नोंदवून घेतले. २०१४ साली पॅरिसच्या अपील न्यायालयात गाव हरले; २०१९ साली तेथेच जिंकले.

७/ नाव न्यायालयात परत मिळते, माशीची नक्कल कोणीही करतो. म्हणून संग्राहकांनी आधी पाते सावकाश उघडून मिटावे, ते डुलते का पाहावे, माशी कमानीतूनच घडली आहे की वरून जोडली आहे हे निरखावे. नेपोलियनच्या कथेपेक्षा या चाकूचा खरा इतिहास तेथे अधिक स्पष्ट वाचता येतो.