पडद्यावरची परीक्षा आणि विस्मरणाची चाहूल

डिमेन्शियाच्या संशोधनात संगणकावर घेतल्या जाणाऱ्या स्मृतिचाचण्यांवर मुख्य आक्षेप असा, की त्या स्मरणशक्ती मोजत नाहीत, यंत्राची सवय मोजतात. पडद्याला कधी बोटच न लावलेले आजोबा त्यात मागे पडणारच. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण जिच्या बचावासाठी तो घेतला जातो, त्या कागदी चाचणीला तो जास्त लागू पडतो. फोल्स्टीन यांची 1975 सालची 30 गुणांची चाचणी पाहा. शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला हे कसे जमावे? हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांना तिचे हिंदी रूप निरक्षरांना झेपेल असे मुद्दाम घडवावे लागले, ते यामुळेच. उलट, भरपूर शिकलेला माणूस आजार सुरू झाल्यावरही 28-29 गुण मिळवून जातो आणि घरचे निर्धास्त होतात.

आता केंब्रिजमध्ये बार्बरा सहाकियन आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांनी 1980च्या दशकात उभारलेल्या ‘कँटॅब’मधली एक चाचणी घ्या. पडद्यावरच्या चौकटी एकेक करून उघडतात. काहींत नक्षी असते. मग तीच नक्षी मधोमध येते आणि ती कुठल्या चौकटीत होती, तिथे बोट ठेवायचे. ना अक्षर, ना आकडेमोड. काय आणि कुठे यांची सांगड घालण्याचे हे काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते, आणि अल्झायमर ज्या भागांना लवकर गाठतो त्यांत तो येतो. बोट नीट पडते का, हे आधीच्या सोप्या सरावात कळते. तरीही अमूर्त आकृत्यांची ओळख शिक्षणाने वाढते, हे खरेच. म्हणून परदेशी सरासरी इथल्या माणसांवर लादणे मला अजिबात मान्य नाही.

पुन्हापुन्हा चाचणी दिली की सरावाने गुण वाढतात, मग मोजले काय, असेही विचारतात. पण निरोगी माणसाचे गुण सरावाने वाढत असताना एखाद्याचे वाढतच नसतील, तर ती चाहूलच आहे. या चाचणीचे खरे बळ इथे आहे: माणसाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करण्यात. एका बैठकीत निदान करून देण्याचा दावा कोणी करत असेल, तर त्याला विरोधच केला पाहिजे.

उपचारच नाही तर एवढे बारीक मोजून उपयोग काय, हा आक्षेप आता टिकत नाही. अल्झायमरवरील लेकानेमॅब या औषधाच्या 1,795 जणांवरील चाचणीत 18 महिन्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक 18 गुणांच्या मापावर 0.45 एवढाच निघाला, आणि ते माप रुग्णाच्या व जवळच्या माणसाच्या मुलाखतीवर बेतलेले आहे. मुलाखत हवीच, रुग्णाला स्वतःचे व्यवहार जमतात का, हे पडदा सांगणार नाही. पण एवढ्याशा फरकावर औषधाचे मोल ठरत असताना, दोन मुलाखतींच्या मधल्या काळात स्मृती किती घसरली हे महिन्यामहिन्याला मोजू शकणारे साधन बाजूला ठेवायचे कशासाठी?