ड्रॉवरमधला साक्षीदार

शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटर साफ करायला बसले. जुन्या मेल्स? डिलीट. 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेल्या फायली? डिलीट! आणि तेवढ्यात आठवली ती समोआची फुलपाखरं...

फुलपाखराचं नाव ब्ल्यू मून. नर काळाभोर, पंखांवर पांढरे ठिपके आणि त्यांच्याभोवती निळी-जांभळी झळाळी. एकदम पार्टी लुक! आपल्याकडेही तो दिसतो, ग्रेट एगफ्लाय या नावानं. पण २००१ साली पॅसिफिकमधल्या समोआ बेटांवर शंभर फुलपाखरांत नर होता जेमतेम एक! कारण, वोल्बाकिया नावाचा परजीवी जिवाणू. तो आईकडून अंड्यात उतरतो. नर त्याला पुढच्या पिढीत पोचवत नाही, म्हणजे त्याच्या लेखी बिनकामाचा. म्हणून नर असेल तर तो अंड्यातच खलास!

गंमत म्हणजे २००६ पर्यंत तिथे नर चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचले होते. जिवाणू तसाच होता, पण त्याला दाद न देणारं जनुक फुलपाखरांमध्ये पसरलं होतं. तेही दहाएक पिढ्यांत!

मग अशी उलथापालथ पूर्वीही झाली असेल का? आता जुनी फुलपाखरं आणायची कुठून? म्युझियममधून! एमिली हॉर्नेट आणि सहकाऱ्यांनी ७३ ते १२३ वर्षांपूर्वीचे नमुने काढले आणि त्यांतला डीएनए तपासला. मादीत वोल्बाकिया सापडला तर तिथे लागण होती, हे उघड. पण नरातच सापडला तर? म्हणजे हा पठ्ठ्या जिवाणू अंगात असूनही वाचला होता! त्याला तोंड द्यायची सोय तेव्हाच झालेली होती. २००९ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. काही ठिकाणचं नर-माद्यांचं तेव्हाचं गणित आणि आताचं गणित चक्क वेगळं निघालं.

ज्यांनी ती फुलपाखरं टाचणीला लावली, त्यांना यातलं काय ठाऊक होतं? डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये! त्यांनी फक्त एक काम नीट केलं. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी लावली : कुठे सापडलं, कधी सापडलं. ती चिठ्ठी नसती तर उरली असती नुसती शोभेची वस्तू.

माझ्या फायलींचं काय झालं? निम्म्या गेल्याच. पण उरलेल्यांची 'न्यू फाइल फायनल फायनल' ही नावं बदलली. जागा घातली, तारीख घातली.

उद्या कुणाला काय विचारायचं असेल, आपल्याला काय माहीत?