रांगेतल्या माणसांनो, तुम्ही गप्प का?

१९६५च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स हा सिडनी विद्यापीठाचा विद्यार्थी, स्वतः ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक, सोबत्यांना घेऊन बसने न्यू साउथ वेल्समधली गावे फिरला. मोरी गावात त्याच्या बांधवांना नगरपालिकेच्या तलावात पोहायला बंदी होती. वॉलगेटमध्ये कपड्यांच्या दुकानात त्यांच्या बायकांना झगा अंगावर घालून बघू देत नसत. त्यांचे पैसे तेवढे गल्ल्यात चालत!

१९७५च्या कायद्याने वंशावरून माल किंवा सेवा नाकारणे बेकायदा ठरले. आता दार उघडपणे अडवता येत नाही. पण मूळ रहिवासी बाई दुकानात शिरली, की पहारेकरी तिच्या मागे मागे फिरतो, पिशवी उघडायला तिलाच लावतात, आणि तिच्यानंतर आलेल्याचे बिल आधी होते. दाद मागायची तर तिनेच मानवी हक्क आयोगाकडे तक्रार लिहायची, समेटाच्या बैठकीला बसायचे, ते फिसकटले तर कोर्टाची पायरी चढायची. दूध-पाव आणायला निघालेल्या बाईने किती वेळा हे करायचे?

सरकारनेही दुकानदाराला वेगळे काय शिकवले? २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात १९७५चा हाच कायदा बाजूला ठेवून मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमधल्या सरकारी मदतीची निम्मी रक्कम रोखून धरली. खरेदीसाठी ती ठरलेल्या दुकानांतच चालत असे. मोठ्या माणसांना आपल्याच पैशाने काय घ्यावे हे सरकारने सांगायचे, ही केवढी मानहानी!

माझा राग मात्र सर्वांत जास्त रांगेवर आहे. दुकानदार अपमान करतो तेव्हा दहा सभ्य माणसे मोबाइलमध्ये डोके घालतात. ती गप्प राहतात म्हणूनच त्याची हिंमत होते. "या बाई माझ्या आधी आल्यात, त्यांचे आधी घ्या," एवढे म्हणायला शौर्य लागत नाही. मग त्या बाईंना विचारा, त्यांना काय हवे आहे. त्यांना तक्रार करायची असेल तर वेळ, तारीख टिपून ठेवा आणि साक्षीला नाव द्या.

सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांनाही हे सांगणे आहे. २००९मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपण वंशद्वेषाविरुद्ध न्याय मागितला, आणि ते रास्तच होते. आज त्या देशात गल्ल्यावर आपलीही मुले बसतात. मूळ रहिवाशाची पिशवी तपासायला मालकाने सांगितले, तर नकार द्यायला त्यांना शिकवा, आणि त्यापायी नोकरी गेली तर त्यांच्या पाठीशी उभे राहा.